राऊ दे

‘पोझिशन कोणती?’ असं सरांनी विचारलं, तेव्हा मी छाती पुढं काढून सांगितलं, ‘उभी, सर.’ मोहाडीच्या आमच्या कॉलेजच्या मैदानावर, म्हणजे ज्या जागेला मैदान म्हणायची आमची हिंमत होती तिथं, फुटबॉलच्या टीमची निवड चालली होती आणि रांगेत माझा नंबर लागला होता. आधीच्या पोट्ट्यांनी ‘सेंटर’, ‘राइट’ अशी काहीबाही उत्तरं दिली होती. मला वाटलं, वर्गात कुठं बसतो ते सांगून राहिले. सर माझ्याकडं बराच वेळ पाहत राहिले. ते कोल्हापूरकडचे. त्यांच्या गावात म्हणे तालमीतालमीच्या फुटबॉल टीमा, आणि पोरगं चालायच्या आधी लाथ मारायला शिकतं. तिथून नोकरीनं त्यांना थेट वैनगंगेच्या खोऱ्यात आणून टाकलं होतं, जिथं फुटबॉल म्हणजे कबड्डीत न घेतलेल्यांचा खेळ. ‘उभा राहतोस न्हवं? मग उभाच ऱ्हा,’ ते म्हणाले, ‘बॅकला.’ अशा रीतीनं मी बॅक झालो. पुढं लोकांना मी सांगत आलो की माझा बांधा बघून सरांनी मला ती जागा दिली. बायकोसमोर तसं सांगत नाही, कारण माझा बांधा तिनं पाहिलेला आहे.

हे आत्ता लिहायला बसलो, कारण परवा सुध्या घरी येऊन गेला. सुध्या म्हणजे सुधाकर, आमच्या टीमचा गोलकीपर. त्याचं गाव मोहाडीपासून सायकलच्या टप्प्यात. रोज सकाळी तो सायकल मारत यायचा, आमच्या पडवीत ती भिंतीला टेकवायचा आणि चुलीपाशी जाऊन बसायचा. माय तेव्हा आयते काढत असायची. तांदळाचं पातळ पीठ तव्यावर ओतलं की चर्र आवाज व्हायचा आणि सगळ्या घराला वास लागायचा. पहिला आयता सुध्याला. मी म्हणायचो, ‘माय, पोरगा मी आहे.’ माय म्हणायची, ‘तू घरचाच आहेस, तो सायकल मारून आला.’ मग सुध्या माझ्याकडं बघत, मुद्दाम हळूहळू, कडेकडेनं कुरतडत तो आयता खायचा. त्याचे हात सुपाएवढे. शेतकऱ्याचा पोरगा. आमच्याकडं धान कापला की त्याच्या पेंढ्यांचा पुंजणा रचतात, घराएवढा उंच. खालचा माणूस पेंढी वर फेकतो, वरचा ती झेलतो आणि रचतो. सुध्या लहानपणापासून पुंजण्यावर उभा. अंधारून आलं तरी त्याच्या हातून पेंढी सुटायची नाही. त्याला चेंडू झेलताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सरांच्या डोळ्यांत पाणी आलं, असं आम्ही सांगायचो. सरांना सर्दीही होती.

आमचं घर विणकराचं. घरात शिरलं की आधी आवाज यायचा, मग माणसं दिसायची. धोटा या टोकाकडून त्या टोकाला जायचा, फणी ठोकायची, पुन्हा धोटा. त्या आवाजाची इतकी सवय की तो थांबला की झोप मोडायची. ताण्याच्या उभ्या सुताला लावायच्या तांदळाच्या खळीचा आंबूस वास, आणि कोसा, म्हणजे रानरेशमाचे कोष, उकळायच्या दिवशी तर असा वास की पाहुणे दारातूनच ‘निंगतो मंग’ म्हणायचे. माय चरख्यावर धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायची, बाबा मागावर. आमचा माग खड्ड्याचा. विणणारा जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून काठावर बसतो आणि खाली पायानं पावड्या दाबतो. माझ्या आजोबांचं आणि बापाचं अर्धं शरीर जन्मभर जमिनीत गेलं. बाबा उभे राहिले की मला दर वेळी नवल वाटायचं, की यांना पाय आहेत.

मला त्या खड्ड्यात उतरायचं नव्हतं. विभागातल्या कॉलेजांच्या स्पर्धेत जी टीम जिंकेल ती नागपूरला जाणार होती, आणि तिथं विद्यापीठाच्या टीमसाठी पोरं निवडणार होते. निवड झाली तर नागपूरलाच शिकायचं, होस्टेलला राहायचं. आणि खेळाडूला पुढं नोकरी कुठं ना कुठं लागतेच, असं सर सांगायचे. हे मी बाबांना एका दुपारी जेवताना सांगितलं. बाबा भात कालवत म्हणाले, ‘पायानंच पोट भरायचं आहे न? मंग पावडी काय वाईट आहे?’ मायनं वांग्यात टाकलेले सुके झिंगे उगीच पुन्हा वाढले. शेवटी बाबा म्हणाले, ‘जितला तं जाय नागपूरले, मी काही म्हणणार नाही. हारला तं दुसऱ्याच दिवसापासून मागावर बस. कबूल?’ मी कबूल म्हटलं. हे बोलणं झालं तेव्हा सुध्या माझ्या शेजारी बसून लाखोळीचं वरण भुरकत होता. त्यानं मान वर करून बाबांना सांगितलं, ‘काका, मी आहे न मांगं. चिंता नोका करू.’ त्याला सगळं माहीत होतं, एवढंच मला इथं नोंदवून ठेवायचं आहे.

अट घालणारे बाबाच, आणि टीमला जर्स्या नाहीत हे कळल्यावर कापड देणारेही बाबाच. घरात एक पांढरा सुती गठ्ठा पडून होता. त्याच्या काठावरच्या करवती नक्षीचे दात मधेच एका ठिकाणी उलटे गेले होते, म्हणून व्यापाऱ्यानं तो परत केला होता. शिंप्यानं त्यातून सगळ्यांना बंड्या शिवल्या. खाली घेराला लाल करवती काठ. आम्ही पहिल्यांदा मैदानात उतरलो तेव्हा बघणाऱ्यांतून कोणीतरी ओरडलं, ‘आले रे लुगडेवाले!’ आणि ते नाव चिकटलं ते चिकटलं. गोलकीपरची बंडी वेगळ्या रंगाची लागते, असं सर म्हणाले. रंग आणायला कोण जातो? मायनं सुध्याची बंडी हळदीच्या पाण्यात बुडवली आणि दोरीवर टाकली. ती घालून सुध्या उभा राहिला, पिवळाधमक, वर तेल लावलेले केस. माय पदर तोंडाला लावून हसली. ‘हा तं हळद लागलेला नवरदेवच दिसते वं.’ त्या दिवसापासून सुध्या आमचा नवरदेव.

सराव सुध्याच्या बांधीत. कॉलेजच्या मैदानावर म्हशी बसायच्या, आणि त्यांना उठवायचा अधिकार प्राचार्यांनाही नव्हता. बांधी म्हणजे धानाचं शेत, चारही बाजूंनी मातीचा धुरा घातलेलं, पाणी तुंबवायला. हलका धान आधी निघतो. तो निघाला की आम्ही बांधीत. कापलेल्या धानाचे खुंट अनवाणी पायाला असे टोचायचे की चेंडू कोणी पायाशी ठेवतच नसे, लगेच दुसऱ्याला देऊन मोकळा. सरांना वाटायचं, काय सुंदर पासिंग आहे. धुऱ्याला आपटून चेंडू परत यायचा, त्यामुळं आम्हाला चेंडू मैदानाबाहेर जातो ही कल्पनाच नव्हती.

अडचण होती ती आमच्या बोलीची. मागून कोणी धावून आला तर एकमेकांना ओरडून सांगा, असं सर कानीकपाळी ओरडायचे. आम्ही सांगायचो. ‘गज्या, तुह्या मांगून तो पोट्टा येऊन राह्यला बे!’ गज्या म्हणजे मी. हे वाक्य संपेपर्यंत तो पोट्टा येऊन, चेंडू घेऊन, गोल करून राहिलेला असायचा. सर कपाळाला हात लावायचे. ‘अरं बाबांनो, तुमचं क्रियापद येईस्तोवर म्याच संपतीय की रं!’ शेवटी त्यांनी सगळी भाषाच बंद केली. बोलायचं फक्त गोलकीपरनं, आणि तेही दोनच बोल. ‘मार’ म्हणजे चेंडू लांब मार. ‘राऊ दे’ म्हणजे सोड, हात लावू नको, मी घेतो. बॅकच्या पाठीला डोळे नसतात, गोलकीपर हेच त्याचे डोळे. सर माझ्यासमोर बोट नाचवून म्हणाले, ‘बापाचं न्हाई ऐकलंस तरी चालंल. ह्याचं ऐकायचं.’ बापाचं न ऐकण्याचा मला सराव होताच. उरलेलं अर्धं मी मन लावून शिकलो. सुध्याच्या आवाजात एक खर होती, कांडी संपत आली की धोटा वाजतो तशी. हजार माणसांच्या गलक्यात ती मला ऐकू यायची. अजून येते.

आमचा पहिला विजय चिखलानं मिळवून दिला. समोरच्या टीमची गाडी वाटेत फसली आणि ती पोरं आलीच नाहीत. आम्ही रिकाम्या गोलात एक चेंडू मारून घेतला, म्हणजे घरी सांगायला बरं. दुसरा सामना तुमसरकडं, आंबागडच्या डोंगराच्या पायथ्याशी. तिथली पोरं जंगलात हिंडणारी, पोटऱ्या सागाच्या. त्यांचा एक धिप्पाड गडी चेंडू घेऊन सरळ माझ्यावर चालून आला. मी जीव मुठीत धरून पाय उचलला, तेवढ्यात मागून सुध्याचा आवाज, ‘राऊ दे!’ मी डोळे मिटले आणि उचललेला पाय तसाच हवेत धरून ठेवला. बघणाऱ्यांना वाटलं, काटा रुतला. डोळे उघडले तर तो गडी चिखलात पालथा आणि चेंडू सुध्याच्या छातीशी, लेकरासारखा. सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्ट्यांवर सुध्यानं आम्हाला जिंकून दिलं. शेवटची पेनल्टी त्यानं एका हातानं खाली दाबली, पेंढीवर पाय द्यावा तशी. येताना ट्रकमध्ये आम्ही त्याला खांद्यावर घेतलं. मी खाली होतो. आयुष्यात मी एवढं वजन आनंदानं कधी उचललं नाही.

अंतिम सामना पवनीच्या बाजूच्या एका मोठ्या गावात ठरला. गावाचं नाव घेत नाही, आता तिथं माझे सोयरे आहेत. सामना मंडईच्या दिवशी. दिवाळी झाली की आमच्याकडं गावोगाव मंडई भरते, प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. लेकी, जावई, मामे, मावश्या सगळे त्या गावी जमतात. बांगड्यांची दुकानं, झुले, उसाचे भारे, चिवड्याचे ढीग, आणि दंडारीची, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या नाटकाची, ढोलकी. आणखी एक काम मंडईत होतं, ते कुठल्या फलकावर लिहिलेलं नसतं. सगळे सोयरे एकाच जागी सापडतात, म्हणून पोरी-पोरं तिथंच दाखवून घेतात. आम्ही आदल्या दिवशी पोहोचलो. मंडईचा पाहुणा शाळेच्या व्हरांड्यात झोपवणं गावाला शोभत नाही, म्हणून गावकऱ्यांनी आम्हाला घराघरांत वाटून घेतलं. माझ्या वाट्याला माळकऱ्याचं घर आलं. बाकीच्या टीमनं मटण खाल्लं, मी भोपळा. सुध्याला मात्र नत्थूजीनं नाव घेऊन मागून घेतलं. नत्थूजी राइस मिलवाला, गावात त्याचा शब्द चालायचा, आणि त्याचा पोरगा विलास हा समोरच्या टीमचा कॅप्टन. मला तेव्हाच काही वाटायला हवं होतं. मला वाटलं ते एवढंच, की याला मटण मिळणार.

सकाळी सुध्या उशिरा आला. केसांना तेल, कपड्यांना अत्तर, तोंडात पान. मी म्हटलं, ‘काय बे नवरदेवा, वरात कुठून आली?’ एरवी त्यानं हातात असेल ते फेकून मारलं असतं. त्या दिवशी तो माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, ‘पोट्टी पाह्यली.’

‘कोणाची?’

‘नत्थूजीची.’

‘तुह्यासाठी?’

‘मंग का सरासाठी?’ पण हे म्हणताना तो हसला नाही.

‘कशी आहे?’

‘चांगली आहे.’ मग पान थुंकून तो म्हणाला, ‘नत्थूजी म्हणते, मंडईच्या दिवशी गाव हारलं आणि जवाई समोरच्या टीमचा, तं लोक म्हणतीन पाहुण्याचा पायगुणच खराब. असा पायगुण घरात कसा घ्यायचा?’

मी खो खो हसलो. ‘तू तं हातानं खेळते बे! तुहा कायचा आला पायगुण?’ हा विनोद मला इतका आवडला की मी तो साऱ्या टीमला ऐकवला, सरांना समजावून सांगितला, माळकऱ्यालाही सांगितला. अजूनही तो मला बरा वाटतो. माणूस मला तोंडावर सांगत होता की त्याला काय विचारलं गेलंय, आणि मी कोटी करत होतो. एवढं मात्र खरं, त्यानं काय ठरवलंय ते त्यानं सांगितलं नाही.

सामना नदीकाठच्या कापलेल्या बांधीत. धुऱ्यावर सारं गाव, झाडांवर पोरं, आणि एका कडेला मांडवात नत्थूजीचे पाहुणे. बाया मागं, पुरुष पुढं खुर्च्यांवर. आम्ही उतरलो तसा गलका झाला, ‘लुगडेवाले आले! पदर सांभाळा बे!’ विलासनं लवकरच गोल केला. तो गोल खरा होता, सुध्याचं बोट लागूनही गेला. मग आमच्याकडून एक चेंडू गर्दीतून कसाबसा आत शिरला आणि बरोबरी झाली. मध्यंतरापर्यंत सुध्या जीव तोडून खेळला, हे मी शपथेवर सांगतो. विलासचा एक फटका त्यानं आडवा पडून असा काढला की धुऱ्यावरची म्हातारी माणसंही ‘अबाबा’ म्हणाली. मध्यंतरात नत्थूजी स्वतः मैदानात आला, स्टीलच्या पेल्यात चहा घेऊन, एकट्या सुध्यासाठी. पाठीवर हात ठेवून म्हणाला, ‘दमले काय, जवाई?’ सुध्यानं चहा घेतला. मला वाटलं, घोटभर मलाही देईल. आमचं नेहमीचं तसंच होतं, एका कपात दोघं. त्यानं पेला रिकामा करून परत दिला.

मग शेवट. रेफरी घड्याळ पाहायला लागला होता. विलासच्या टीममधल्या कोणीतरी लांबून एक चेंडू उगीच पुढं ढकलून दिला. त्याला जोर नव्हता, दिशा नव्हती. चेंडू धानाच्या खुंटांवरून उड्या घेत, थांबत थांबत माझ्याकडं येत होता आणि विलास अजून दूर होता. मी पुढं झालो. एक लाथ मारली असती तर चेंडू नदीत गेला असता. पाय मागं घेतला आणि मागून आवाज आला, तीच खर, ‘राऊ दे!’

मी सोडला. नुसता सोडला नाही. ऐटीत पाय वर उचलून, चेंडूला वाट करून दिली, दारात आलेल्या पाहुण्याला ‘या’ म्हणावं तशी. चेंडू माझ्या पायाखालून गेला. मी वळून पाहिलं. सुध्या जागेवर उभा होता. हात खाली. तो चेंडूकडं पाहतच नव्हता, मांडवाकडं पाहत होता. चेंडू त्याच्या बाजूनं, संध्याकाळी म्हैस गोठ्यात शिरते तशा सावकाशीनं, रेषेच्या आत गेला आणि तिथं थांबला. विलासही धावता धावता उभा राहिला. मग धुऱ्यावरून सारं गाव खाली आलं.

शिट्टी वाजली तेव्हा नत्थूजी मैदानाच्या मधोमध होता. त्यानं सुध्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि हातात नारळ-सुपारी दिली. मायनं हळदीत बुडवलेली बंडी, वर कुंकू. मायनं म्हटलं होतं तेच झालं. मी गर्दीतून वाट काढत त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो.

‘तू राऊ दे म्हटलं.’

‘म्हटलं.’

‘मंग पकडला काहून नाही?’

तो नारळाची शेंडी नखानं सोलत होता. वर न बघता म्हणाला, ‘तू काहून आयकलं बे?’

या वाक्यावर मी पुढं पुष्कळ विचार केला आहे. शिव्या दिल्या असत्या, माफी मागितली असती, हात निसटला अशी थाप मारली असती, तर काहीतरी उत्तर देता आलं असतं. याला काय उत्तर देणार? ऐकलं, कारण तू बोललास. सर धुऱ्यावर बसले होते. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली, दोरी बोटाभोवती गुंडाळली आणि खिशात घातली. ‘आमच्याकडं असं झालं असतं तर...’ एवढंच म्हणाले आणि पुढचं गिळलं. त्यांचंही क्रियापद त्या दिवशी आलं नाही. पुढल्या वर्षी बदली करून घेऊन ते गेले. कॉलेजात पुन्हा फुटबॉलची टीम झाली नाही. म्हशी सुखी झाल्या.

आम्ही ट्रकमधून परतलो. सुध्या दंडार पाहायला तिथंच राहिला, पहिल्या रांगेत. दिवस मावळता मी गल्लीच्या तोंडाशी आलो आणि पाय अडले. मागाचा आवाज येत नव्हता. बाबा काम थांबवून पडवीत बसले होते, आणि माय त्यांच्या मागं उभी. माझं तोंड पाहून त्यांनी किती गोल, कसे गोल, काही विचारलं नाही. मीच सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, ‘तो सोताच म्हणला, राऊ दे?’ मी मान हलवली. ‘पाय धू,’ ते म्हणाले, ‘जेव.’ मायनं ताट वाढलं आणि भिंतीकडं पाहत बसली. त्या भिंतीला रोज सायकल टेकलेली असायची. ‘मीच त्याले हळद लावली,’ ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खड्डा बाबांनी स्वतः झाडला. बसायच्या जागी जुन्या पोत्याची घडी ठेवली, नव्या सुनेसाठी पाट मांडावा तशी, आणि बाहेर निघून गेले. मी पाय आत सोडले. खाली गार होतं. पावड्या माझ्या पायांना लगेच सापडल्या, याचा मला राग आला.

काही दिवसांनी सुध्याचे वडील आले. लग्न जमलं होतं, नवरीला करवती काठाचं कोशाचं पातळ हवं होतं. ‘गज्या दोस्तच आहे न त्याचा,’ ते म्हणाले, ‘दुसऱ्याच्या घरी कायले जाऊ?’ बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, मी विणतो. ते माझं पहिलं पूर्ण पातळ. माय कांड्या भरून देई. मनात होतं, काठाच्या करवतीचा एक दात उलटा घालावा, तिच्या पदरावर जन्मभर राहील. पण मुद्दाम चूक करायला आधी बरोबर विणता यावं लागतं. माझे दात आपसूकच उलटेसुलटे जात होते, आणि बाबा रोज संध्याकाळी ते शोधून माझ्याकडूनच उसवून घेत होते. शेवटी पातळ निर्दोष उतरलं. त्या घरचं लग्नही तसंच निर्दोष पार पडलं. मी पंगतीत बसून जेवलो. नवरी हसतमुख होती, माझं विणलेलं तिला शोभत होतं, आणि तिच्यावर राग धरावा असं तिच्यात काही नव्हतं, हे फार गैरसोयीचं झालं.

त्यानंतर आम्ही भांडलो नाही. लोकांना वाटतं, दोस्ती टिकली. सुध्या सासऱ्याच्या मिलमध्ये बसला, आज तो स्वतः मिलवाला आहे. मी काही वर्षं मागावर काढली, मग कापडाचं दुकान टाकलं. नागपूरला जातो तो माल आणायला. रस्त्यात एक मैदान लागतं, तिथं पोरं खेळत असली की मी बसच्या दुसऱ्या बाजूला पाहतो. दर मंडईला सुध्याकडून चिवडा येतो, आणि तो चांगला असतो. त्या गोलाबद्दल तो कधी बोलला नाही, मीही नाही. मी पडलो बॅक. समोरून येणाऱ्याला कसंबसं अडवतो. मागं उभ्या माणसाचं काय करायचं, ते मला आजतागायत जमलं नाही.

तर परवा तो आला. पोट सुटलंय, केस काळे केलेले, हात मात्र तसेच सुपाएवढे. बायकोनं आयते केले. पहिला त्याला. दोन आयते पोटात गेल्यावर त्यानं मोबाइल काढून पोराचा फोटो दाखवला. पोरगा मिलमध्ये लक्ष घालतो, व्यसन नाही. ‘गज्या,’ तो म्हणाला, ‘तुही पोट्टी, माहा पोट्टा. बाहेर कायले पाहाचं? आपण तं घरचेच.’ आमची पोरगी भंडाऱ्याला शिकते. तिला अजून यातलं काही ठाऊक नाही. मी फोटोकडं पाहत राहिलो. पोराचा चेहरा आईवर गेलाय, चांगला आहे. आणि कसं कोण जाणे, इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून निघून गेलं, ‘सुध्या, त्या दिवशी तू...’

त्यानं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. सुपाएवढा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि हसून म्हणाला, ‘राऊ दे न बे आता.’

तीच खर. आणि मी, तुम्हाला खोटं वाटेल, थांबलो. पुढचं बोललो नाही. त्याला फाटकापर्यंत सोडून आलो. गाडीतून त्यानं हात केला, मीही केला.

आत आलो तर बायको कपबश्या उचलत होती. मी खुर्चीत बसलो आणि जरा मोठ्या मनानं म्हटलं, ‘माणूस वाईट नाही तसा. पोरगाही बरा दिसतो. झालं गेलं ते राऊ दे, म्हणतो मी.’

‘मांगं बी तुमी राऊ देच आयकून सोडलं होतं,’ ती म्हणाली. ‘तवा बॉल होता. आता पोरगी आहे.’